आर्क्टिकच्या बर्फावर वाद घालायचाय? ग्राफ घेऊन बसा

आर्क्टिकचा बर्फ कमी होतोय म्हटलं की कोणीतरी म्हणतंच, "अरे पण २०१३ ला वाढला होता ना!" मग आवाज चढतात आणि मुद्दा राहतो बाजूला. माझं आणि मामाचं दोन दिवाळ्या हेच झालं, तिसऱ्या दिवाळीला मी दरवर्षीच्या सप्टेंबरमधल्या बर्फाच्या ग्राफची प्रिंटच काढून नेली.

पहिलं म्हणजे वाढला होता हे मान्य करून टाका, कारण ते खरं आहे. २०१२ च्या सप्टेंबरला बर्फ जेमतेम ३४ लाख चौरस किलोमीटर उरला होता, पुढच्या वर्षी ५० लाखांच्या वर गेला. आता समोरच्याला सांगा, २०१३ वर बोट ठेव आणि डावीकडे ने, पार १९७९ पर्यंत, कारण सॅटेलाइटची सलग मोजणी तिथून आहे. मामाचं बोट मध्ये मध्ये खाली यायचं पण एकंदरीत वरच चढत गेलं. १९८० च्या दशकात सप्टेंबरला ७० लाखांच्या आसपास बर्फ असायचा. महिना मात्र एकच धरा हं, मार्चला बर्फ सगळ्यात जास्त असतो आणि सप्टेंबरला सगळ्यात कमी, त्यांची सरमिसळ केली की काहीही सिद्ध करता येतं.

"मग २०१२ चा सगळ्यात कमी बर्फाचा रेकॉर्ड अजून का मोडला नाही?" हा प्रश्न चांगला आहे, टाळू नका. २०१२ च्या ऑगस्टला मोठं वादळ येऊन बर्फ आणखी कमी झाला होता, शिवाय वारा, ढग, समुद्राचे प्रवाह यांनी दरवर्षी खालीवर होतंच, आणि त्यानंतर घसरण मंदावलीये हेही खरं. पण २००७ ते २०२४ या अठरा वर्षांचे सप्टेंबर हे १९७९ ते २०२४ मधले सगळ्यात कमी बर्फाचे आहेत, एकही जुन्या पातळीला परत गेला नाही.

हा सगळा समुद्रावर तरंगता बर्फ, तो वितळून समुद्राची पातळी वाढते असं चुकूनही म्हणू नका, तिथेच पकडतात. पातळी वाढते ती ग्रीनलंडच्या जमिनीवरच्या बर्फासारखा बर्फ वितळून.

आणि माणसाचा काय संबंध, तर एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा साधारण ३ चौरस मीटर बर्फ जातो, म्हणजे एका डबल बेडएवढा. एक टन म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे लिटर पेट्रोल. हे ऐकून मामाने पेन मागितलं आणि प्रिंटच्या मागे गाडीचा हिशोब मांडायला घेतला.