पुलाच्या पायाभोवतीचा स्कॉवर : अंदाज कुठे चुकतो

पुरात पिअरभोवतीचा (पुलाच्या पाण्यातल्या खांबाभोवतीचा) तळ किती खोल खणला जाईल, म्हणजे स्कॉवर किती होईल, हे काढणारी सूत्रं अवघड नाहीत. साध्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत उत्तर येतं. फसगत होते ती सूत्रात घातलेल्या आकड्यांमुळे, आणि आलेली खोली कुठल्या पातळीपासून मोजायची याच्या गोंधळामुळे.

पूर पातळीपासून की तळापासून?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. लेसी या अभियंत्याच्या पद्धतीत दर मीटर रुंदीतून जाणाऱ्या विसर्गाचा वर्ग करायचा, त्याला सिल्ट फॅक्टरने भागायचं, घनमूळ काढून १.३४ ने गुणायचं. ही झाली सरासरी स्कॉवर खोली. सिल्ट फॅक्टर म्हणजे कणांच्या सरासरी व्यासाचं (मिलिमीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले १.७६. पिअरपाशी या खोलीची दुप्पट धरतात. ही खोली महत्तम पूर पातळीपासून खाली मोजायची असते, तळापासून नाही.

उदाहरण घेऊ. पूर पातळी १००.० मीटर, तळ ९४.० मीटर, म्हणजे पाणी ६ मीटर. वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे दर मीटर रुंदीत १८ घनमीटर प्रति सेकंद. वाळू ०.५ मिलिमीटरची, सिल्ट फॅक्टर सुमारे १.२४. सरासरी खोली ८.५५ मीटर, दुप्पट १७.१ मीटर. स्कॉवरची पातळी आली ८२.९, म्हणजे तळाखाली ११.१ मीटर. हेच १७.१ तळापासून मोजले तर पाया विनाकारण ६ मीटर खोल जातो.

सीएसयू (कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचं) समीकरण वापरणाऱ्यांची चूक नेमकी उलट असते. तिथे येणारी खोली तळापासूनची असते, आणि ती फक्त पिअरभोवतीच्या स्थानिक खड्ड्याची. पूल पात्र अरुंद करतो म्हणून पूर्ण रुंदीत होणारी धूप, आणि वर्षानुवर्षं खाली जाणारा तळ, हे दोन्ही वेगळे काढून त्यात मिळवावे लागतात. लेसीच्या आकड्यात मात्र वर आणखी स्थानिक स्कॉवर मिळवायचा नाही. पिअरसाठीची दुप्पट त्यासाठीच आहे.

लेसीचं सूत्र वाळूच्या कालव्यांच्या निरीक्षणांतून आलं आहे, त्यात पिअरची रुंदी कुठेच येत नाही. पिअर दीड मीटरचा असो की चार मीटरचा, उत्तर तेच. म्हणून दोन्ही पद्धतींनी काढा आणि फरक पडला तर तो का पडला ते शोधा. सरासरी काढून मोकळे होऊ नका.

प्रवाह सरळच येतो असं धरणं

सीएसयू समीकरण असं आहे : खड्ड्याची खोली भागिले पाण्याची खोली = २ × नाकाच्या आकाराचा गुणक × कोनाचा गुणक × तळाच्या स्थितीचा गुणक × (पिअरची रुंदी ÷ पाण्याची खोली) चा ०.६५ वा घात × फ्रूड अंकाचा ०.४३ वा घात. फ्रूड अंक म्हणजे वेग भागिले (गुरुत्वीय त्वरण × पाण्याची खोली) चं वर्गमूळ. नाक म्हणजे पिअरचं प्रवाहाकडे तोंड केलेलं टोक. गोल नाकासाठी आकाराचा गुणक १.०, चौकोनीसाठी १.१, टोकदारासाठी ०.९. पाण्याची खोली आणि वेग पिअरच्या लगत वरच्या बाजूचे घ्यायचे.

वरच्याच नदीत १.५ मीटर रुंद, १२ मीटर लांब, गोल नाकाचा पिअर ठेवा. फ्रूड अंक ०.३९, तळाच्या स्थितीचा गुणक १.१. प्रवाह सरळ असेल तर खड्डा ३.६ मीटर. आता प्रवाह १५ अंश तिरका करा. कोनाचा गुणक म्हणजे (कोसाइन + लांबी भागिले रुंदी × साइन) चा ०.६५ वा घात. तो येतो २.०६. खड्डा ७.४ मीटर! नाकाचा आकार बदलून जे दहा टक्के वाचवले होते, ते पंधरा अंशांनी कधीच खाऊन टाकले. कोन ५ अंशांच्या वर गेला की आकाराचा गुणक १.० धरायचा, कारण तिरक्या पिअरला नाकाच्या आकाराने फारसा फरक पडत नाही.

पिअर उन्हाळ्यातल्या धारेला समांतर बांधलेला असतो. पुरात पाणी वळण कापून थेट येतं आणि कोन बदलतो. म्हणून कोन पुराच्या पाण्याचा घ्या. पात्र वळणावर असेल किंवा पूरमैदान रुंद असेल तर द्विमितीय मॉडेलमधून. मुख्य धार एका गाळ्यातून (दोन पिअरमधल्या जागेतून) दुसऱ्यात सरकू शकते, म्हणून आज काठाजवळ उथळ पाण्यात उभा असलेला पिअरही सर्वांत खोल तळाच्या हिशेबाने तपासा.

ओंडके आणि पाईल कॅप विसरणं

झाडं, फांद्या, जलपर्णी पिअरला अडकली की पाण्याला दिसणारी रुंदी वाढते. परिणामी रुंदी १.५ ची ४ मीटर झाली तर वरच्या सरळ प्रवाहाच्या उदाहरणातला ३.६ मीटरचा खड्डा जवळपास ६.८ मीटर होतो. पाईल कॅपचंही (पाईल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, त्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) तसंच. ती तळाखाली गाडलेली असते तोवर ठीक. धुपून उघडी पडली की प्रवाहाला पिअरऐवजी रुंद कॅप आडवी येते आणि खड्डा आणखी वाढतो.

सर्वांत मोठा पूर म्हणजे सर्वांत खोल खड्डा?

नेहमी नाही. पाणी पुलावरून किंवा जोडरस्त्यावरून वाहू लागलं की काही विसर्ग बाहेर पडतो आणि पुलाखालचा वेग कमी होऊ शकतो. पाणी नुकतंच काठोकाठ आलेल्या पुरात वेग जास्त निघू शकतो. गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया) बुडाले की दाबाखालचा प्रवाह सुरू होतो, तो वेगळा तपासावा लागतो. पूल संगमाच्या वरच्या बाजूला असेल तर मोठ्या नदीचा फुगवटा (तिच्यामुळे मागे साचणारं पाणी) नसतानाचा पूरही पाहा. पाणी उतरलेलं असेल तेव्हा वेग वाढतो.

मातीचा नमुना फक्त वरचा

वरच्या गोट्यांवरून व्यास घेतला तर धूप कमी दाखवली जाते. तो थर एकदा उखडला की खाली बारीक वाळू असते. नमुने अपेक्षित स्कॉवरच्या खालपर्यंत बोअरमधून घ्या. चिकणमाती असेल तर धूप हळू होते एवढंच. अनेक पुरांनी मिळून खड्डा वाळूइतका खोल जाऊ शकतो. झिजलेला खडकही ‘खडक’ म्हणून सोडून देऊ नका.

पूर ओसरल्यावर मोजमाप

तळ सपाट दिसला म्हणून खड्डा पडला नव्हता, असं नाही. पूर उतरताना तोच खड्डा गाळाने भरतो. हा भराव सैल असतो, पायाला आधार देत नाही. लोखंडी सळई खुपसून बघा : भरावात सहज जाते, मूळ तळाला अडते. खरी खोली पूर चालू असतानाच मिळते. पिअरवर बसवलेला सोनार (ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र) किंवा तळात रोवलेल्या दांड्यावर खाली सरकणारं चुंबकीय कडं ती नोंदवतं. फेसाळ पाण्यात सोनार चुकीचे आकडे देतो, ते गाळून घ्या.

तळ आज आहे तिथेच राहील असं मानणं

खालच्या बाजूला वाळूउपसा झाला की तळाची घसरण वरच्या दिशेने सरकत पुलापर्यंत येते. पोर्तुगालमध्ये दोरू नदीवरचा हिंत्झे रिबेइरो पूल ४ मार्च २००१ रोजी पडून ५९ माणसं गेली. अनेक वर्षांच्या वाळूउपशाने तिथला तळ खाली गेला होता. पात्राचे जुने आडवे छेद आणि आजचे छेद एकाच बेंचमार्कवर (पातळीच्या कायम खुणेवर) आणून शेजारी ठेवा. वर्षाला किती घट होते ते त्यातून कळतं.

दगडी पिचिंगवर भिस्त

नवीन पुलाची स्कॉवर खोली पिचिंगच्या (पायाभोवती टाकलेल्या दगडांच्या) भरवशावर कमी करू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहारी क्रीक या नदीवरच्या पुलाचे पाये उथळ होते, त्यांचं संरक्षण दगडांवर होतं, आणि ते दगड आधीच्या पुरांत हलले होते. ५ एप्रिल १९८७ ला पूल पडला, १० जण दगावले. जुन्या पुलाला पिचिंग करायचंच तर खाली फिल्टरचा थर द्या, नाहीतर फटींतून वाळू निघून दगड खाली बसतात. वरचा माथा तळाच्या पातळीला ठेवा. ढीग रचला तर तोच प्रवाहाला अडथळा होतो.

आकडा काढून थांबणं

स्कॉवरची पातळी आली की तिच्या वरची सगळी माती नाही असं धरून पाईलची क्षमता पुन्हा काढा. माती आणि पाईल यांच्यातल्या घर्षणाचा तेवढा भाग जातो. पाईलची आधाराविना लांबी वाढते आणि आडव्या भाराखाली वाकण्याचा प्रश्न उभा राहतो. उभा भार पेलणारी पाईल इथे नापास होऊ शकते. ओंडक्यांवर येणारा पाण्याचा आडवा दाबही याच हिशेबात घ्या.