पोस्टिंगच्या आधी

सोमवारी वॉर्डची पोस्टिंग लागते आणि मागोमाग फार्माकॉलॉजीचा पेपर. इंदूरच्या लोकमान्य नगरात माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या नर्सिंगच्या मुलामुलींना दर वर्षी तोंडी सांगते, ते यंदा लिहूनच देते.

खजुरी बाजारातून एक जाड रजिस्टर आणा आणि औषधं एबीसीडीने नाही, गटाने लिहा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल एका पानावर. नावाच्या शेवटी 'ओलॉल' आलं की देण्याआधी नाडी आणि बीपी बघायचं, दमा आहे का ते विचारायचं. 'प्रिल' आलं की कोरडा खोकला आणि पोटॅशियम आठवायचं. एक गट नीट कळला की त्यातली नावं आपोआप लक्षात राहतात. उताऱ्यांचं, म्हणजे अँटिडोटचं, पान वेगळं ठेवा: हेपारिनला प्रोटामिन, वॉरफरिनला व्हिटॅमिन के, मॉर्फिनला नॅलोक्सोन, मॅग्नेशियम सल्फेटला कॅल्शियम ग्लुकोनेट.

मग गणित, रोज पाच तरी. 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायची, सेट (सलाइनची नळी) 20 थेंबांचा, म्हणजे 1 मिलीला 20 थेंब, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रो सेट 60 थेंबांचा असतो, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. कोणता सेट लावलाय ते त्याच्या पाकिटावर वाचा, अंदाज करू नका. पॅरासिटामॉलचं एक गणित तर माझ्यासमोर सोडवाच. मूल 12 किलोचं, डोस किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 180 मिलिग्रॅम. 5 मिलीत 120 असलेल्या बाटलीतून 7.5 मिली होतं, 250च्या बाटलीतून 3.6 आणि 1 मिलीत 100 असलेल्या ड्रॉप्समधून 1.8. औषध एकच, बाटल्या तीन. 'दीड चमचा द्या' एवढ्यावर आईला घरी पाठवलं तर ती कुठल्या बाटलीतला देणार?

इन्सुलिनला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. आपल्याकडे 1 मिलीत 40 युनिटची व्हायलही (इंजेक्शनची छोटी बाटली) मिळते आणि 100 युनिटचीही. 40च्या सिरिंजचं टोपण लाल, 100च्या सिरिंजचं नारिंगी, आणि रात्रपाळीच्या पिवळट दिव्याखाली ते दोन रंग जवळजवळ सारखे दिसतात. दुसऱ्या वर्षाला असताना मी 20 युनिटसाठी 100च्या व्हायलमधून 40च्या सिरिंजने 20च्या खुणेपर्यंत भरलं होतं. म्हणजे अर्धा मिली, 50 युनिट. 'व्हायल दाखव' म्हणत सिस्टरांनी माझा हात धरला म्हणून ते इंजेक्शन दिलं गेलं नाही. तेव्हापासून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मी मोठ्याने वाचते, आणि दुसरं कुणी ऐकल्याशिवाय टोचत नाही. तुम्हीही मोठ्याने वाचा, लाज बाळगू नका.

पोटॅशियम क्लोराइड शिरेत सरळ कधीच ढकलायचं नाही. 10 मिलीच्या अँप्युलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. ते सलाइनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, सावकाश द्यायचं, नाहीतर हृदय थांबतं. मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक डोसाआधी गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो तो), श्वास आणि लघवी तपासायची. झटका येत नसेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा.

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे तुम्हाला पाठ असेलच. पण पलंगाशी उभं राहून 'आप सुनीताजी हैं ना?' असं विचारू नका, अर्धवट झोपेतलं माणूस कशालाही हो म्हणतं. 'अपना नाम बताइए' म्हणा आणि केसपेपरशी ताडून बघा. घरी आपण अनशापोटी म्हणतो, इथल्या रुग्णाला 'खाली पेट' सांगा, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या. कशाची ॲलर्जी आहे ते प्रत्येक वेळी विचारा, पेपरवर 'नाही' लिहिलं असलं तरी.

आणि चूक झालीच तर त्याच क्षणी सिस्टरांना सांगा. शिव्या खाव्या लागतील, खा. पहिल्या दहा मिनिटांत कळलं तर रुग्णासाठी बरंच काही करता येतं.

रविवारी रात्री पिशवीत पेन, छोटी वही, कॅल्क्युलेटर आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ टाका. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे असतात, आणि मोठ्या माणसाचे 60च्या खाली भरले तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना विचारायचं. घड्याळात सेल नवीन घाला.