मास्टोडॉनवर जाताय? जुनं खातं आधी डिलीट करू नका, आणि या बाकीच्या चुका पण टाळा

"जुनं खातं डिलीट केलं, आता फॉलोअर नव्या खात्यावर कसे आणू?" हा प्रश्न मला लातूरहून येतो, परभणीहून येतो, पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्या पोरांकडून येतो, आणि उत्तर दरवेळी एकच असतं की आता येत नाहीत. म्हणून एकदा बसून सगळं लिहायलोय, निदान पुढच्या माणसाचं तरी वाचंल.

जायचं कशाला हे लई सांगत बसत नाही. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि आपल्या बीड-हिंगोलीकडची खेड्यातली पोरंपोरी, ज्यांनी बांधावर उभं राहून व्हिडिओ करून नाव कमावलं होतं, ती एका रात्रीत परत अनोळखी झाली. कू या भारतीय ॲपवर मराठीत लिहिणारे होते, ते जुलै 2024 मध्ये बंद पडलं. ऑर्कुट तर 30 सप्टेंबर 2014 लाच गेलं. कारणं वेगवेगळी, पण माणसं जमवली तुम्ही आणि यादी राहिली दुसऱ्याच्या हातात, हे सगळीकडं सारखंच.

मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं (आताचं एक्स) पोस्टी टाकायचं ठिकाण, पण तिथं ही यादी तुम्हाला उचलून नेता येते. ऑयगेन रोख्को नावाच्या माणसानं 2016 मध्ये हे सुरू केलं. यात एक कंपनी नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर आहेत आणि ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीनं एकमेकांशी बोलतात, जीमेलवाल्याचा मेल याहूवाल्याला जातो तसं. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलात तर फॉलोअर मागं येतात. पण ते आपोआप होत नाही, तुम्हाला करावं लागतं आणि क्रमानं करावं लागतं. लोकांची घाई इथंच नडते.

डिलीट वेगळं, मूव्ह वेगळं

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, रिटायर झालेले, त्यांना बारवांचं वेड. सुट्टीत मोटरसायकल काढायची आणि परभणी जिल्हा पालथा घालायचा, वालूर, चारठाणा ही नावं सगळ्यांना माहिती असतात, पण गुरुजी अशा गावात जायचे जिथं बारवेत बाभळी उगवल्यात आणि गावातल्या पोरांना पण ठाऊक नाही की खाली पायऱ्या आहेत. फोटो काढायचे, पायऱ्या मोजायचे, कोनाड्यात मूर्ती असंल तर लिहायचे, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाणी कधीपर्यंत होतं ते लिहायचे आणि हे सगळं मास्टोडॉनवर टाकायचे. सर्व्हर एका हौशी माणसाचा, छोटा. तिथं त्यांनी मन लावून दोन-अडीच वर्षं काम केलं, आणि त्यांच्या पोस्टीखाली जी चर्चा व्हायची ती वाचण्यासारखी असायची. कुणी दगडाबद्दल लिहायचं, कुणी म्हणायचं आमच्या आजोळी अशीच आहे, कुणी सांगायचं हा भाग नंतर बांधलेला दिसतो.

मग सर्व्हरवाल्यानं कळवलं की मला खर्च झेपत नाही, मी बंद करायलोय, तीन महिने आहेत, खाती हलवा. माणसानं सगळं रीतसर केलं होतं, त्याला दोष नाही. गुरुजींनी पण वेळेत वाचलं, दुसऱ्या मोठ्या सर्व्हरवर खातं काढलं. आणि मग जुनं खातं नीट आवरून जावं म्हणून सेटिंगमध्ये गेले. तिथं अकाउंटच्या पानावर अगदी खाली दोन गोष्टी जवळजवळ असतात, एक दुसऱ्या खात्यावर जाण्याची आणि एक खातं डिलीट करण्याची. गुरुजींनी डिलीट दाबलं, पासवर्ड टाकला, संपलं.

मला फोन आला तेव्हा काहीच उरलं नव्हतं. मास्टोडॉनवर डिलीट केलेलं खातं परत येत नाही, त्या सर्व्हरवर तेच नाव परत घेता पण येत नाही. फेसबुक, ट्विटरवर तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात मन बदललं तर खातं परत मिळतं, त्या सवयीनं लोक इथं पण बिनधास्त दाबतात. फोटो गुरुजींच्या मेमरी कार्डात होते, ते वाचले. पण फॉलोअर गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे ती चर्चा गेली. उत्तरं देणाऱ्यांच्या सर्व्हरवर त्यांची उत्तरं असतील अजून, पण ती कुठल्या फोटोला दिली होती तो फोटोच नाही, तर वाचणाऱ्याला काय कळणार. गुरुजी बोलले काही नाहीत, पण त्यांनी नंतर जवळपास वर्षभर एकही बारव टाकली नाही, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तर क्रम असा. आधी नवं खातं काढा. नव्या खात्यात जाऊन सांगा की माझं जुनं खातं हे, म्हणजे तिथं जुन्याचा पूर्ण पत्ता टाकून एलियस बनवा. मग जुन्या खात्यात जा आणि मूव्ह करा, तिथं नव्याचा पत्ता आणि जुन्या खात्याचा पासवर्ड लागतो. एलियस न बनवता मूव्ह दाबलं तर चूक दाखवतं आणि लोक म्हणतात हे चालतच नाही, अरे बाबा, आधीची पायरी राहिली. फॉलोअर हळूहळू सरकतात, लगेच आकडा बघत बसू नका. जुन्या खात्यावर आपोआप पाटी लागते की हा माणूस इथं गेलाय. आणि हे करायला जुना सर्व्हर चालू पाहिजे, तो बंद पडल्यावर कुणीच काही करू शकत नाही. एकदा मूव्ह केलं की तीस दिवस परत मूव्ह करता येत नाही, त्यामुळं नवा सर्व्हर आठ-पंधरा दिवस वापरून मगच दाबा.

पोस्टी येत नाहीत. हे पण ऐकून घ्या, कारण इथं भांडायला येणारे लई आहेत. फॉलोअर येतात, तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची, ब्लॉक केलेल्यांची आणि बुकमार्कची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाईल काढून नव्या ठिकाणी चढवता येते, पण जुन्या पोस्टी जुन्याच जागी राहतात. त्यांची आर्काइव्ह, म्हणजे सगळ्याची एक प्रत, मागता येते, सात दिवसांतून एकदा, ती तुमच्याजवळ ठेवायला आहे, ती परत चढवता येत नाही. मी दर अमावास्येला सीएसव्ही आणि आर्काइव्ह दोन्ही उतरवून घेतो. अमावास्याच का, तर ती घरातल्या कॅलेंडरवर काळी दिसते आणि विसरत नाही. तुम्ही तुमचा दिवस धरा, पण धरा.

आणि ज्यांना ट्विटर किंवा फेसबुक सोडायचंय त्यांनी पण आधी तिथली आर्काइव्ह मागवा. ती मागितल्या मागितल्या मिळत नाही, तयार व्हायला वेळ लागतो, आणि लोक आज रागानं खातं बंद करतात नि उद्या फोटो मागायला लागतात.

"तिकडं कुणीच नाही"

हे वाक्य ऐकलं की मी आधी त्या माणसाचं खातं उघडून बघतो. लातूरचा एक पोरगा, हुशार, मार्केट यार्डातले सोयाबीन आणि तुरीचे भाव रोज टाकायचा. कामाची गोष्ट आहे, मला स्वतःला आवडली. पण म्हणाला, दादा, दोन महिने टाकायलोय, एक माणूस बोलत नाही. बघितलं तर प्रोफाइलला फोटो नाही, दोन ओळींची ओळख नाही, तो स्वतः एकाही माणसाला फॉलो करत नाही, एकही हॅशटॅग नाही, पोस्टची भाषा इंग्रजी ठेवलेली, आणि सगळं एका टूलनं दुसरीकडून आपोआप येऊन पडायलंय. कुणी "आज आवक किती होती" विचारलं होतं, त्याला सात आठवडे उत्तर नाही.

मोठ्या ॲपवर एक मशीन बसलेलं असतं, ते ठरवतं की तुमची पोस्ट कुणाला दाखवायची, आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की वाटतं पोस्ट टाकली म्हणजे लोकांपुढं गेलीच. मास्टोडॉनच्या होम फीडमध्ये तसं मशीन नाही. फॉलोअरना दिसतं, कुणी बूस्ट केलं, म्हणजे पुढं पाठवलं, तर त्याच्या फॉलोअरना दिसतं, हॅशटॅग लावला तर तो बघणाऱ्याला दिसतं. फेव्हरेट म्हणजे फक्त लिहिणाऱ्याला कळतं की आवडलं, त्यानं पोस्ट पुढं जात नाही. आपले लोक फेव्हरेट करतात आणि बूस्ट करत नाहीत, मग मराठी पोस्टी फिरणार कशा?

त्या पोराला मी चार गोष्टी करायला लावल्या. भाषा मराठी निवड. रोज एक हॅशटॅग ठरवून लाव. सेटिंगमध्ये सार्वजनिक पोस्टी सर्चमध्ये येऊ द्या अशी टिक असते ती कर, कारण सप्टेंबर 2023 च्या 4.2 आवृत्तीपासून शोध नीट चालतो पण तुम्ही हो म्हटलं तरच तुमचं लिखाण त्यात येतं. आणि रोज अर्धा तास दुसऱ्यांचं वाचून उत्तर दे. चौथी गोष्ट त्याला सगळ्यात जड गेली, आणि फरक पण तिनंच पडला, आता वाशिम-यवतमाळकडचे शेतकरी त्याच्याशी भावावरून वाद घालतात, आणि त्याला तेच पाहिजे होतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, त्यानंतर नोव्हेंबरमध्ये भारतातून लई लोक रागारागात मास्टोडॉनवर आले होते. थोड्याच दिवसांत बरेचसे परत. राग माणसाला दारापर्यंत आणतो, आत बसायचं तर शेजाऱ्याशी बोलावं लागतं. जो माणूस पहिल्या दिवशीच फॉलोअरचा आकडा मोजायला बसतो तो टिकत नाही, हे माझं पक्कं मत आहे.

सर्व्हर निवडताना नाव बघून भुलू नका

मास्टोडॉन डॉट सोशल सगळ्यात मोठा, कुठं जावं कळत नसंल तर खुशाल तिथं जा, कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. छोटा घ्यायचा असंल तर त्याचं माहितीचं पान उघडा. चालवणारा कोण, नियम कुठले, खर्च कशातून निघतो, बंद करायचा झाला तर तीन महिने आधी सांगणार का, हे बघा. हे लिहिलेलंच नसंल तर मी तिथं जात नाही. काही सर्व्हर खातं मंजूर करायच्या आधी विचारतात की तुम्हाला इथं का यायचंय, तिथं "हाय" लिहून पाठवतात आणि मग नाकारलं म्हणून चिडतात. दोन ओळी लिहा ना सरळ, की मी परभणीचा, मला जुन्या बांधकामांवर लिहायचंय. ईमेल स्वतःचा द्या, पुतण्याचा नको, सगळ्या सूचना तिथंच येतात.

नेहमीच्या बारीक अडचणी

लॉगिन होत नाही म्हणतात, तेव्हा दहातल्या नऊ वेळा माणूस भलत्याच सर्व्हरवर पासवर्ड टाकत असतो. तुमचं खातं एकाच सर्व्हरवर आहे, तो लिहून ठेवा.

दुसऱ्या सर्व्हरच्या पानावर कुणी दिसलं आणि फॉलो होत नाही? त्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे नाव आणि सर्व्हर दोन्ही, कॉपी करा आणि आपल्या सर्व्हरच्या सर्चमध्ये टाका.

खातं उघडलं तर रिकामं दिसतं, पण माणूस तर रोज लिहितो? तुमच्या सर्व्हरवरून त्याला आधी कुणी फॉलो केलं नसंल तर जुन्या पोस्टी तुमच्याकडं आलेल्या नसतात. फॉलो करा, पुढचं येत राहील, जुनं त्याच्या मूळ पानावर वाचा.

खाजगी मेसेज खाजगी नाही. त्याला शेवटपर्यंतचं एन्क्रिप्शन नाही, सर्व्हर चालवणाऱ्याला ठरवलं तर वाचता येतं, आणि मेसेजमध्ये तिसऱ्याचं नाव ॲटसहित लिहिलं तर मेसेज त्याला पण जातो. भाऊबंदकीचे विषय तिथं नकोत.

फोटोला वर्णन लिहा, ज्यांना डोळ्यानं दिसत नाही असे लोक पण वाचतात इथं.

ब्लूस्काय हे असंच पोस्टी टाकायचं दुसरं ठिकाण, तिथल्यांसाठी एवढंच की तिथं तुम्ही कुणाला ब्लॉक केलं ते सगळ्यांना बघता येतं. आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असंल तर तेच हँडल, म्हणजे खात्याचं नाव, म्हणून लावा, खातं पुढं कुठंही हलवलं तरी नाव तुमचंच राहतं.

व्हॉट्सॲप ग्रुप मॅट्रिक्सवर नेणारे

मॅट्रिक्स म्हणजे मास्टोडॉनसारखंच वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं मेसेजिंग, आणि एलिमेंट हे त्याचं ॲप. ते घेतलं की ते रिकव्हरी की देतं, अक्षरांची लांबलचक ओळ. शंभरातले नव्वद लोक ती न बघता पुढं जातात. मग फोन बदलला, नव्यात लॉगिन केलं, जुने मेसेज उघडत नाहीत, डिक्रिप्ट होत नाही एवढंच दिसतं. रिकव्हरी की जवळ नाही आणि जुना फोन पण फॉर्मॅट केला, तर ते मेसेज कुणीच उघडू शकत नाही, सर्व्हरवाला पण नाही. मी की कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवतो, स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि ग्रुप हलवताना व्हॉट्सॲपचा ग्रुप लगेच बंद करू नका, महिना-दोन महिने दोन्हीकडं टाका, ज्यांना ॲप टाकता येत नाही त्यांच्या घरी जाऊन टाकून द्या, आणि त्यांची की तिथंच बसून कागदावर लिहून द्या.