गव्हाणी घुबडासाठी पेटी लावताय? आधी या चुका टाळा

आमचं घर भांडुप गावात, जुनं, बैठं, मागे परस असलेलं. परसात एक चिकू, दोन माड आणि कोपऱ्यात विहिरीचा बुजवलेला काठ. पूर्वेला खाडी, तिवरं आणि मिठागरं. उंदीर-घुशींची ददात नाही, म्हणून घुबडंही कायम होती. ती राहायची शेजारच्या जुन्या चाळीच्या माळ्यावर. चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा त्यांचा आसराही गेला. मुंबईभर हेच चाललंय. व्हेंटिलेटर, पोटमाळे, गिरण्यांची छपरं, जिथे गव्हाणी म्हणजे पांढऱ्या घुबडाच्या पिढ्या वाढल्या त्या जागा एकेक करून पडताहेत. म्हणून परसात, वाडीत किंवा गच्चीवर पेटी लावायची इच्छा होते, आणि ती व्हावीच. पण पेटी लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आमच्याकडे दोन विणींत पिल्लं गमावल्यावर मला हे कळलं, म्हणून लिहितेय.

पेटी उथळ ठेवणं

पिल्लं खाली पडतात त्याचं मोठं कारण हेच. आमची पहिली पेटी सुताराने कबुतराच्या खुराड्याच्या मापाने केली होती. भोकाच्या खालच्या कडेपासून तळ जेमतेम वीतभर खोल. आईबाप सावज घेऊन आले की पिल्लं दाराशी झुंबड करतात, आणि उथळ पेटीत सगळ्यात पुढचं पिल्लू बाहेर फेकलं जातं. भोकाच्या कडेपासून तळ किमान 45 सेंटीमीटर खाली हवा. तेवढं अंतर चढून येण्याइतकी ताकद पायांत येते तोवर पिल्लू बरंच मोठं झालेलं असतं. तळ साधारण 60 बाय 40 सेंटीमीटर आणि भोक 13 सेंटीमीटर चौरस. पुढच्या फळीला आतून करवतीने आडवे चरे पाडा, म्हणजे नखं रुततात. भोकाबाहेर हातभर रुंदीची फळी ठोका. उडायला शिकणारी पिल्लं आठवडाभर तिच्यावर बसून पंख झाडतात.

साधं कमर्शियल प्लायवुड मुंबईच्या एका पावसाळ्यात फुगतं, म्हणून मरीन प्लाय घ्या. रंग फक्त बाहेरून. तोंड नैऋत्येला कधीही नको, कारण जून ते सप्टेंबर वाऱ्यासकट पाऊस तिकडूनच येतो. पूर्व किंवा ईशान्य बरी. छपराखाली हवेला फट ठेवा, तळाला चार बारीक भोकं पाडा आणि मे महिन्याच्या दुपारी सावली पडेल अशी जागा निवडा. पत्र्याचं छप्पर टाळाच, आत भट्टी होते. उंची निदान चार मीटर असावी, आणि मांजराला पोचता येईल अशी फांदी जवळ नको.

आत गवत, कापूस, चिंध्या घालू नका. हे घुबड घरटं बांधतच नाही. न पचलेली हाडं आणि केस ते काळसर गोळ्यांच्या रूपात ओकून टाकतं, त्यांच्याच भुग्यावर मादी अंडी घालते. नव्या पेटीत अंडी घरंगळू नयेत म्हणून लाकडाच्या जाड ढलप्यांचा पातळ थर पुरे.

उंदरांचं औषध चालू ठेवून घुबडाची वाट बघणं

या चुकीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

किराणा दुकानात मिळणाऱ्या वड्यांत बऱ्याचदा ब्रोमॅडिओलोनसारखं, रक्त गोठू न देणारं विष असतं. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्तावतो, दिवसाउजेडी उघड्यावर फिरतो, पळू शकत नाही. म्हणजे घुबडाला सगळ्यात सहज मिळणारा उंदीर हाच. असे काही उंदीर पोटात गेले की विष घुबडाच्या यकृतात साठत जातं, आणि मग जराशा मारानेही आत रक्तस्राव सुरू होतो. आमच्या दुसऱ्या विणीत पेटीत चार पिल्लं होती. एका सकाळी नर माडाखाली पडलेला सापडला, चोचीशी वाळलेलं रक्त. जखम कुठेच नव्हती. पशुवैद्यांनी उघडून पाहिलं तर पोकळीत रक्त साचलेलं. मागच्या सोसायटीत पंधरा दिवसांपूर्वीच वड्या टाकून झाल्या होत्या, आणि आम्ही कुणी त्यांच्याशी बोललोच नव्हतो. त्या दिवसांत मादीला पिल्लांजवळ थांबावं लागतं, शिकार बरीचशी नर आणतो. चारातली दोन पिल्लं जगली.

म्हणून पेटी टांगण्याआधी आजूबाजूच्या घरांशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी आणि पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोला. पिंजरा लावा, कचरा झाका, बिळं सिमेंटने बुजवा. चिकट पॅडही नको. पॅडवर धडपडणारा उंदीर घुबडाला लांबून ऐकू येतो, ते झेपावतं आणि पंखांसकट चिकटतं. तसं झालं तर ओढू नका आणि रॉकेल लावू नका. उघड्या डिंकावर कागद दाबून बसवा आणि पॅडसकटच पक्षी मदतीला न्या. सोसायटी औषध थांबवायला तयार नसेल, तर पेटी लावू नका. खरंच लावू नका. घुबडाला बोलावून विष वाढण्यापेक्षा ते तिथे न आलेलं बरं.

पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते हे मला मान्य आहे, उंदीर कमी व्हायलाच हवेत. पण मोठं घुबड एका रात्रीत तीन-चार छोटे उंदीर सहज खातं, आणि पिल्लं असली की फेऱ्या कितीतरी वाढतात. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत उंदरांसाठी याच घुबडाच्या पेट्या लावतात.

आवाज ऐकून घाबरणं

हे घुबड घुत्कार करत नाही. ते किंचाळतं, आणि पिल्लं फुसकारतात: लांब, खरखरीत, सतत. माळ्यावर साप आहे म्हणून लोक सर्पमित्राला बोलवतात आणि आत सापडतात बदामाच्या एक्क्यासारख्या चेहऱ्याची पाच पिल्लं. शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. घुबडं आली त्या पहिल्या वर्षी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही अवदसा दारात कशाला?" मी वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांना खुर्ची देऊन परसात बसवलं. सातच्या सुमाराला मादी निघाली, डोक्यावरून गेली तरी पंखांचा आवाज नाही. "लक्ष्मीचं वाहन गं हे," काकूच म्हणाल्या. आता दिवाळीत त्या आमच्या बाजूला फटाके लावू देत नाहीत.

दिवाळीचा आणखी एक धोका आहे. त्या सुमारास अघोरी पूजांसाठी घुबडं पकडली, विकली जातात. पेटीचा फोटो पत्त्यासकट ग्रुपवर टाकू नका, शेजाऱ्यांनाही तेच सांगा.

सारखं डोकावणं

अंडी घालण्याच्या सुमारास मादी सर्वात बुजरी असते. तेव्हा शिडी लावून मोबाइलचा फ्लॅश मारला तर ती पेटी कायमची सोडू शकते. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात आणि पहिल्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं पायऱ्यांसारखी लहानमोठी दिसतात. धाकटं उपाशी आहे असं वाटून चिकनचा खिमा, पाव, दूध देऊ नका. उबवण महिनाभराची, पुढे उडेपर्यंत आठ-नऊ आठवडे. एवढे दिवस शिडी कोठीत राहू द्या. कॅमेरा हवाच असेल तर पेटी रिकामी असताना बसवा, अंधारात न चमकणारा. परसातला हॅलोजन मात्र बंद ठेवा.

पडलेलं पिल्लू घरात आणणं किंवा तिथेच सोडणं

पिंगळ्याचं, म्हणजे छोट्या ठिपकेदार घुबडाचं, पिल्लू खाली आलं तरी आईबाप बऱ्याचदा त्याला भरवतात. गव्हाणी घुबडाचं तसं नाही. पेटीबाहेर जमिनीवर पडलेल्या पिल्लाकडे आईबाप सहसा फिरकत नाहीत, आणि सकाळ झाली की कावळे सोडत नाहीत. जखम नसेल तर त्याला जाड टॉवेलात धरून सरळ पेटीत परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा समज खोटा आहे. नखं मात्र तीक्ष्ण असतात, पाय आधी धरा.

जखम असेल, पंख लोंबत असेल, मांजाने कापलं असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल घालून अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा किंवा परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयात न्या. घरी वाढवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे.

मुंबईतली एक गोष्ट सहज सुटते: पाण्याची निळी पिंपं. पाणी कमी येतं म्हणून परसात भरून ठेवलेली, उघडी. तहानेने किंवा अंघोळीला घुबड काठावर उतरतं, आत घसरतं आणि गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही. झाकण ठेवा, नसेल तर आत एक तिरकी फळी सोडा.

पेटी रिकामी आहे म्हणून लगेच काढणं

घुबड पहिल्या महिन्यात आलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे दीड वर्ष लागलं. विणीचा पक्का महिनाही नसतो, वर्षात कधीही येतात. तोवर कबुतरं नक्की येतील. त्यांनी काड्या आणायला सुरुवात केली की त्याच दिवशी त्या काड्या काढा, अंडी पडू देऊ नका. मधमाश्या आल्या तर मात्र पोळं स्वतः हलवू नका, जाणकाराला बोलवा.

सफाई पिल्लं उडून गेल्यावर, आत कुणी झोपत नाही याची दोन-तीन संध्याकाळी खात्री करून. मास्क आणि हातमोजे घाला, आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही. सगळा भुगा काढू नका, तळाला बोटभर राहू द्या. मी काढलेले गोळे परातीत भिजवून फोडते. गेल्या वेळी घुशीचे जबडे निघाले, चिचुंद्रीच्या टोकदार कवट्या निघाल्या, आणि काकूंचा नातू त्या वहीत चिकटवत बसला होता.