बॉण्डवर मूल घेऊ नका: रखडलेल्या दत्तक कायद्यातून वाट काढताना

अंबाजोगाई तालुक्यातील एक जोडपे मागच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला बॉण्ड, म्हणजे स्टॅम्पपेपरवर लिहिलेला करार, घेऊन माझ्याकडे आले होते. त्यावर बाळ आणून देणाऱ्या मध्यस्थाची सही, दोन साक्षीदारांचे अंगठे आणि नोटरीचा शिक्का होता. बाळाच्या जन्मदात्या आईचे नाव कुठेच नव्हते. मूल पाच वर्षांचे झाले, शाळेने जन्मदाखला मागितला, आणि तेव्हा कुठे त्यांना कळले की त्या कागदाने ते मूल त्यांचे झालेलेच नाही. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, गेले आणि चौकशी होईपर्यंत मुलाला संस्थेत ठेवावे लागले. निघताना त्याने सांभाळणाऱ्या आईच्या पदराचे टोक मुठीत धरून ठेवले होते. ती मूठ सोडवायला तिला किती वेळ लागला, हे मी पाहिले आहे.

असे बॉण्ड आपल्या भागात अजून होतात, कारण कायदेशीर वाट लांबची वाटते आणि ती सोपी करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 चा. त्या कायद्याखाली विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळायला 2010 साल उजाडले, म्हणजे चोपन्न वर्षे गेली. सर्व धर्मीयांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचे विधेयक 1972 मध्ये आले, 1980 मध्ये मुस्लिमांना वगळून पुन्हा आले, आणि दोन्ही वेळा कायदा झाला नाही. बाल न्याय कायदा, म्हणजे मुलांच्या काळजी व संरक्षणाचा कायदा, याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये स्पष्ट केले. ऑगस्ट 2022 मध्ये संसदीय समितीने दोन्ही कायद्यांचा मेळ घालणारा एक सर्वंकष कायदा करावा अशी शिफारस केली, तरी दोन कायदे वेगवेगळेच चालू आहेत. नवा कायदा येईल मग बघू, असे म्हणणाऱ्यांचे वय निघून जाते आणि मुलाचेही.

म्हणून पहिले काम हे की, आपल्यासमोरचे मूल कोणाचे आहे ते ठरवा, कारण कायदा त्यावर ठरतो. मूल भावाचे, बहिणीचे किंवा ओळखीच्या कुटुंबातले असेल, आईवडील हयात असून स्वखुशीने देत असतील, आणि दोन्ही घरे हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, तर 1956 चा कायदा लागू करता येतो. त्यात मूल साधारणपणे पंधरा वर्षांखालचे असावे लागते, घरात मुलगा किंवा नातू असताना मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतला, तर वयात किमान एकवीस वर्षांचे अंतर लागते. मूल प्रत्यक्ष मांडीवर देण्याघेण्याचा विधी झालाच पाहिजे. तो नसेल तर नुसते दत्तकपत्र टिकत नाही. विधीनंतर दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावे, त्यावर देणारे आणि घेणारे या दोघांच्या सह्या असाव्यात. नोंदणीकृत दत्तकपत्र असले की न्यायालय ते दत्तकविधान वैध मानून चालते आणि ते खोटे ठरवण्याचा भार विरोध करणाऱ्यावर पडतो. वारसाचा फेरफार ओढताना भावकी हरकत घेते, तेव्हा या एका गोष्टीची किंमत कळते.

मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांनी नात्यातले मूलही बाल न्याय कायद्याखालीच घ्यावे. चुलता, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांच्यासाठी त्यात नातेवाईक दत्तकाची स्वतंत्र तरतूद आहे. 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याने मुलाचा केवळ सांभाळ मिळतो, वारसाहक्क मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

अनाथ, सोडून दिलेले किंवा आईवडिलांनी बाल कल्याण समितीकडे सोपवलेले मूल मात्र कोणालाही थेट घेता येत नाही. तसे दिले-घेतले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि पैशाचा व्यवहार असेल तर शिक्षा याहून कडक आहे. असे बाळ कोणी दारात आणून ठेवले, तर त्याच दिवशी 1098 वर कळवावे. अशा मुलासाठी दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, पोर्टलवर करायची असते, आणि यादीतील क्रम त्या नोंदणीच्या तारखेवरून लागतो.

माझा आग्रह असा आहे की, नोंदणी लांबवू नका. पात्रतेसाठी नोंदणीच्या दिवशीचे वय धरले जाते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पतीपत्नीच्या वयांची बेरीज 85 पेक्षा जास्त चालत नाही, चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 90, आठ वर्षांपर्यंत 100 आणि त्यापुढे 110. पती 45 आणि पत्नी 41 असेल, तर तान्ह्या बाळाचा मार्ग एका वर्षाने बंद झालेला असतो. जोडप्याचे लग्न किमान दोन वर्षे टिकलेले असावे. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

मराठवाड्यात या टप्प्यावर बहुतेकांचे घोडे कागदपत्रांवर अडते. आपल्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. आधारवर एक तारीख, पॅनवर दुसरी आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर तिसरी असेल, तर अर्ज मागे येतो. आधी शाळेतून उतारा काढा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. वय कमी दाखवण्याचा मोह मात्र धरू नका. लग्नाची नोंद नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून दाखला घ्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तयार ठेवा. नोंदणीत दिलेला मोबाईल क्रमांक बदलू नका. मुलाची माहिती आल्यावर होकार कळवायला फक्त 48 तास असतात, आणि ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या कुटुंबाचा फोन बंद लागला, तर ती संधी हातची जाते.

उशीर अनेकदा पालकांच्या यादीत नसतो, मुलाच्या फाईलमध्ये असतो. समितीने मूल दत्तकासाठी मुक्त घोषित केल्याशिवाय ते पोर्टलवर दिसतच नाही. कायद्याने ही घोषणा दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत आणि मोठ्या मुलासाठी चार महिन्यांत व्हायला हवी. आईवडिलांनी सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी साठ दिवस दिले जातात. अंतिम निर्णयाला समितीचे किमान तीन सदस्य हजर लागतात, त्यामुळे पदे रिकामी राहिली की मुले संस्थेतच वाढतात. आपल्या जिल्ह्यात असे दिसले, तर त्या मुलाशी संबंधित व्यक्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, कारण समितीच्या कामाबद्दलच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे. पोच घ्या आणि तिच्यावरची तारीख तपासा.

मूल जुळल्यानंतरच्या आदेशाबाबत एक घोळ समजून घ्या. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश देण्याचे अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. उशीर कमी व्हावा हाच त्यामागचा हेतू होता. पण न्यायालयात चालू असलेली प्रकरणे वर्ग करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये अंतरिम स्थगिती दिली, आणि मध्ये सापडलेल्या कुटुंबांची फरफट झाली. म्हणून आपला अर्ज नेमका कोणापुढे जाणार, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षातून लेखी विचारून घ्या. आदेश दोन महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो.

आजीजवळ राहणारे पोरके नातवंड असेल, तर दत्तकाची घाई करण्याआधी बाल संगोपन योजनेची चौकशी करा. तीत दरमहा 2250 रुपये मिळतात आणि मूल आपल्या घरातच राहते.

दत्तकाचा आदेश हाती आला की त्याच्या आधारे आपल्या नावांचा जन्मदाखला काढा आणि मगच शिधापत्रिका व शाळेकडे वळा. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणीसाठी कार्यकर्ते येतील, त्यांना मोकळेपणाने घर दाखवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने समाधान झाले नाही, तर तीस दिवसांच्या आत छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. हे तीस दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा.