दुसऱ्यांदा चिकटवलेली पट्टी पावसात का टिकली (माझा अनुभव)

वर्सोव्याला आमच्या गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर दोरीच्या हुकाची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) चिकटवलेली, वेल्डिंगवाला एवढ्याशा कामाला येईना म्हणून. उन्हाळाभर घट्ट होती पण जुलैत अख्खी सुटून हातात आली. नीट बघितलं तर इपॉक्सी सगळं पट्टीलाच आणि ग्रिलच्या बाजूला नुसता गंज, म्हणजे गोंद तुटलाच नव्हता, त्याने लोखंडाचा पृष्ठभाग सोडलेला. गंजाच्या सैल थरावर चिकटवलं की पकड त्या थराचीच असते, आणि ओल त्याच फटीतून आत शिरते, खारी हवा तर आहेच.

मग आधी अ‍ॅसिटोनने दोन्हीकडचं तेल पुसलं (आधी घासलं तर तेल चरांत बसतं, हा क्रम खरंच महत्त्वाचा), मग ८० नंबरच्या एमरी पेपरने आडवं उभं घासून चकचकीत लोखंड काढलं, परत पुसलं, प्रत्येक वेळी नवीन फडकं. थोडं पाणी टाकून पाहिलं, थेंब न होता सपाट पसरलं, म्हणजे तेल उरलं नव्हतं. ड्रायरने पूर्ण सुकवून लगेच चिकटवलं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत उघडं लोखंड काही तासांत गंजायला लागतं. २४ तास क्लॅम्प ठेवला, कडांना प्रायमर मारला. त्यानंतर दोन पावसाळे झाले, पट्टी हललेली नाही.