कडक लॉकडाऊनमधली कडक भाकरी

आमच्या घरी कडक भाकरी, म्हणजे महिनाभर टिकणारी ज्वारीची पातळ, कुरकुरीत भाकरी, विकतच यायची. मागच्या बोळातल्या मावशी पंचवीसची चवड फडक्यात बांधून द्यायच्या. २०२०च्या १२ एप्रिलला सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, मग पूर्व भागात एकेक गल्ली बंद होत गेली. मावशींच्या बोळालाही पत्रे ठोकले. डब्यात चार भाकऱ्या उरल्या होत्या. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. माग बंद, तर हिशेब कसला! आई म्हणाली, "रिकामा बसून बातम्या काय बघायलास? पीठ घे, मी सांगते." तिचं वय अठ्ठ्याहत्तर, मनगटं गेलेली. ती खुर्चीत, मी ओट्याशी.

पहिली गोष्ट पिठाची. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तम. दळण अगदी बारीक हवं आणि ताजं हवं. आठवडा-दहा दिवस झाले की पिठाची विरी (चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात. तेव्हा गिरणी सकाळी थोडाच वेळ उघडी असायची, पांढऱ्या गोलात उभं राहून नंबर लावायचा. म्हणून मी एकदम पाच किलो दळून आणलं. चूक. शेवटचं दीड किलो थालीपिठात गेलं.

दोन वाट्या पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळायचं. ते पिठावर ओतून उलथन्याने ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने मळायचं. किती? आईचं उत्तर, "पीठ गप्प बसेपर्यंत." म्हणजे गोळा दाबला तर कडेला चीर पडता कामा नये. इथे कंटाळा केलात तर पुढे काहीही करून भाकरी सुधारत नाही.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायची, आणि थापायची म्हणजे पातळ. रोजच्या भाकरीच्या निम्मी. मधे जाड आणि कडेला पातळ राहिली तर कडा करपते आणि मध्य ओलाच राहतो. समोरच्या घरातली विडी वळणारी वहिनी उंबऱ्यातून माझी थापाथापी बघायची. तिचंही काम बंद, सूप भिंतीला टांगलेलं. एकदा न राहवून तिथूनच ओरडली, "भाऊ, बोटांनी नाही ओ, हात फिरवा की!" हजार विड्या वळणाऱ्या बोटांचा सल्ला, मी मुकाट्याने ऐकला. वरून तीळ पेरून हलके दाबायचे.

तवा मध्यम तापलेला असावा. भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची. आता रोजच्या सवयीने ती फुगवायला जाल. फुगवू नका. फडक्याची घडी करून दाबत राहा, पदर सुटू देऊ नका, कारण आत वाफ कोंडली की भाकरी वरून कडक आणि आतून दमट राहते.

आणि मग खरं काम. आच एकदम बारीक करायची आणि दोन्ही बाजू आलटून पालटून, कडा दाबत, दहाएक मिनिटं शेकत राहायचं. मी पहिल्या दिवशी घाई केली, गॅस मोठा ठेवला. सहापैकी चार काळ्या. त्या वेळी दूरदर्शनवर सकाळी नऊला जुनी पौराणिक मालिका पुन्हा लागत होती. आईने नियम केला, मालिका सुरू झाली की आच बारीक, आणि जाहिरात लागली की भाकरी उलटायची. एरवी दुपारभर टीव्हीवर आकडे बघून छाती धडधडायची. त्या एका तासात घरात तिळाचा वास आणि बाणांचे आवाज एवढंच.

तव्यावरून काढली की एकावर एक रचायची नाही. भिंतीला टेकवून उभी करायची, पूर्ण गार होऊ द्यायची. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात गच्चीवर तासभर ठेवली तर उरलासुरला ओलावाही जातो. मोडून बघा: कट् असा आवाज आला पाहिजे. वाकली तर परत तव्यावर. पत्र्याच्या डब्यात तळाला कोरडं सुती कापड घालून ठेवली की महिनाभर हलत नाही. डब्यात ओला हात घालणाऱ्याला आमच्या घरी माफी नाही.

आईला तिच्या आईने सांगितलेलं आठवत होतं, १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हाही घरात असाच डबा भरलेला होता. "तेव्हा बाहेर गोरे सोजीर होते, आता बाहेर काय आहे ते दिसतच नाही," ती म्हणाली, आणि लगेच, "ती कडा करपायली बघ."

जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा दहा दिवस शहर बंद झालं. तोवर मी स्वतःला उस्ताद समजत होतो. पण पावसाळी हवेत सगळा डबा सादळला. सादळलेली भाकरी टाकू नका, बारीक आचेवर पाच मिनिटं शेकली की पुन्हा वाजते. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र गाईलाही घालू नका. दरवर्षी शेगावची पालखी शहरात येते तेव्हा वारकऱ्यांना द्यायला आम्ही मावशींकडून शंभर भाकऱ्या घ्यायचो. त्या वर्षी दिंडीच आली नाही.

खायची कशी, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी: वाटीत चुरायची, वर दही, उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा. पाच मिनिटं मुरू द्या.

पत्रे निघाल्यावर मावशी भेटल्या. मी मोठ्या तोऱ्यात माझी भाकरी पुढे केली. त्यांनी ती कानाजवळ नेऊन मोडली, तुकडा चावला, जरा थांबल्या. "आवाज चांगला आहे," म्हणाल्या, "दळण जाडं झालंय."